पाचवा दाणा

मधू, तुझा तंबू अजून गच्चीवर उभा आहे.

तेरावं झालं, पाहुणे गेले, भाड्याची भांडी परत गेली, बिल्डिंगमधल्या लोकांचं दोनदा आडून आडून विचारून झालं, तरी तो हिरवा तंबू रोह्याच्या तुझ्या गच्चीवर टाकीच्या बाजूला तसाच आहे. तुझी नीता वर कपडे वाळत घालायला जात नाही. खालच्या मजल्यावरच्या बाईनेही जाणं सोडलंय. दुपारी कुंडलिकेवरून वारा आला की त्याच्या भिंती फुगतात, मग हळूच आत बसतात, मग परत फुगतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा कठडा धरून खाली बसले. आत कोणी नाही हे मला ठाऊक होतं, चेन उघडून मीच बघितलं होतं. तरी चेन लावून वळले आणि पाठीमागे त्याचा श्वास परत सुरू.

काय माणूस तू! तंबू नीट उभा राहतो का बघायला म्हणून रविवारी जेवून वर गेलास. काठ्या जोडल्यास, दोऱ्या विटांना बांधल्यास, आणि सईला म्हणालास, "पाच मिनिटं आत पडून बघतो, पाठीला टोचतंय का." पडलास तो पडलासच. चहाला हाक मारायला तीच वर गेली आणि मला फोनही तिनेच केला. "आत्या, बाबा टेंटमध्ये झोपलेत आणि उठत नाहीयेत." पोरीचा आवाज इतका साधा होता की मी म्हटलं, तोंडावर पाणी मार त्याच्या. असं म्हटलं मी! डॉक्टर नंतर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं, त्यांना काही कळलंसुद्धा नसेल.

पेणहून रोह्याची गाडी मिळाली. मी, आमचे हे आणि माझा ओंकार. कासूला डब्यातले उरलेले दोघं उतरले आणि आम्ही तिघंच राहिलो. बाहेर कापणी झालेली शेतं, त्यात वालाचे हिरवे पट्टे, आणि लांब आपला डोंगर. तोवर तू गेलास असं मला कोणी सांगितलं नव्हतं. "चक्कर आली असेल," असंच हे म्हणत होते. पण मला माहीत होतं. का माहीत होतं, तेच आज लिहायला बसलेय. आयुष्यात पहिल्यांदा तू मध्ये न बोलता ऐकणार आहेस, तर ऐक.

तुझं ते खूळ गणपतीनंतर सुरू झालं. गणपती गेले की मूर्तींच्या कारखान्यात आमचे हात जरा मोकळे असतात. मी पाटावर बसून जुने ब्रश धूत होते. लग्न होऊन पेणला आले तेव्हापासून मी गणपतीच्या डोळ्यांची आखणी करते, पण तू आलास की पहिला प्रश्न ठरलेला, "काय ताई, कुणाला चकणा केलास का यंदा?" त्या दिवशी तो विचारला नाहीस. वही काढलीस आणि म्हणालास, "फॅमिली कॅम्पिंग. ज्वालामुखी बघायला."

"कुठे, जपानला?"

"गावाला."

मी हसले. तू हसला नाहीस. भूगोल शिकवणाऱ्या माणसाचं तोंड किती गंभीर होऊ शकतं ते मला तेव्हा कळलं. आपण सगळे, म्हणजे तू, नीता, सई, मी, आमचे हे आणि ओंकार, अशी सहा माणसं. दोन रात्री, दोन तंबू. पहिली रात्र आपल्या गावाच्या डोंगरावर, काळ्या भिंतीखालच्या कातळावर. दुसऱ्या दिवशी पालीजवळ उन्हेऱ्याला गरम पाण्याची कुंडं. मग कुंडलिकेच्या पात्रातले दगड बघत रोह्याला घरी. "ताई, आपण जन्मापासून थिजलेल्या लाव्ह्यावर राहतोय," म्हणालास. "आपलं भात त्याच्यावर, वाल त्याच्यावर, आईची चूल त्याच्यावर. आणि पोरांना ज्वालामुखी म्हटलं की मोबाइलमधला परदेशातला डोंगर दिसतो. लाज नाय वाटत?" मला कशाला लाज वाटायची. मला चहा आणायचा होता.

पण ती वही मी नंतर पाहिली. किती मन लावून लिहिलं होतंस रे. पहिल्या रात्रीची पोपटी. मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, वर भांबुर्ड्याचा पाला, मडकं उपडं घालून भोवती जाळ. त्यापुढे तुझ्या अक्षरात, "पोरांना हे दाखवून वाफेचा दाब समजावणे." पोपटी खायची सोडून समजावणारा तू एकटाच. आणि खाली, "मीठ ताई घालेल. मला अंदाज नाही."

काळी भिंत म्हणजे काय ते तू ओंकारला आमच्या पेणच्या घरात जमिनीवर खडूनं काढून दाखवलंस. जमीन फाटली, फटीतून लाव्हा वर चढला, आतल्या आत थिजला. बाजूचा मऊ दगड हजारो पावसाळ्यांनी झिजून गेला आणि मधला टणक तेवढा भिंत होऊन उभा राहिला. माणसानं बांधावी तशी सरळ, एकावर एक दगड रचल्यासारखी, डोंगराच्या एका अंगानं चढून दुसऱ्या अंगानं उतरणारी. गावात तिला राकसाचा बांध म्हणतात. लहानपणी मीच तुला सांगितलं होतं की राक्षस भिंत बांधून पलीकडे झोपलाय आणि जो मोठ्यानं बोलेल त्याला आत ओढतो. सहा वर्षांचा होतास. चड्डी ओली करून घरी आलास आणि आईनं मला बडवलं. मला वाटतं तू भूगोलाचा मास्तर त्याच दिवशी झालास, माझ्यावर उट्टं काढायला.

आणि तुझं ते आठवतं? शेजाऱ्यांची विहीर खणताना काळ्या दगडाच्या पोटात पांढरे खडे सापडले होते. तू खडीसाखर समजून चाटलास. रडत आलास, गोड नाय म्हणून. मी पण चाटून बघितला. मग दोघांनी मिळून तो परत परत चाटला, कुठेतरी गोड लागेल म्हणून. आपण दोघं किती वेडे होतो आणि किती सुखात होतो.

आपलं एक भांडण अर्धंच राहिलं, ते आधी संपवते. मी विचारलं होतं, "तुझा तो ज्वालामुखी मेलाय ना नक्की?" "केव्हाच. माणूस जन्मायच्या आधी." "मग उन्हेऱ्याचं पाणी गरम कसं?" तू म्हणालास, ते वेगळं, पाणी खोल जातं, खाली मुळातच उष्णता असते, ज्वालामुखीचा संबंध नाही. मी म्हटलं, म्हणजे खाली काहीतरी जागं आहे. "जागं नाही गं, गरम." "एकच ते." तू डोकं धरलंस. मी जिंकले असं तेव्हा वाटलं होतं. आता कबूल करते, तुझंच बरोबर असेल. पण तरी मला वाटतं, खाली काहीतरी जागं आहे.

आता मुद्द्यावर येते. टाळत होते.

डिसेंबर लागला तेव्हा तू नीताला आणि सईला घेऊन पेणला आलास, शेवटचं ठरवायला. मी सहज म्हटलं, डोंगरावर मुक्काम आहे तर दाणे ठेवायला हवेत. तुला वेगळं सांगायला नको, आपले बाबा कारवी तोडायला डोंगरावर राहायचे तेव्हा आई दर वेळी ठेवायची. जो रात्र काढायला जाणार, त्याच्या नावाचा वालाचा एक दाणा, भिंतीच्या पायथ्याशी राखणदाराचा दगड आहे त्याच्यापुढे. नाव मोठ्यानं घ्यायचं. कोंबड्या-पाखरांनी खाऊ नये म्हणून वर मातीचं परळ उपडं घालायचं. ठेवणारं घरचं माणूस हवं. आणि आपला दाणा आपण ठेवायचा नाही, आपलं नाव दुसऱ्या कुणीतरी घ्यावं लागतं. माणूस सुखरूप उतरलं की ज्यानं ठेवला त्यानंच उचलायचा.

सईनं डोळे मोठे करून विचारलं, "आणि नाही ठेवला तर?"

मी तोंड उघडलं आणि तू उसळलास. "ताई, बास! मुलांच्या डोक्यात हे भरू नकोस. मी त्यांना लाव्हा शिकवतोय आणि तू राक्षस. अडाणीपणाला पण काही मर्यादा असते." असं म्हणालास. माझ्या घरात, माझ्या हातची भाकरी खात, माझ्या पोरासमोर. अडाणी. मी दहावीला शाळा सोडली ती कुणाला सांभाळायला सोडली, ते तुला माहीत होतं. आईला भाताच्या खळ्यातून उठता येत नव्हतं आणि तुला ताप होता, महिनाभर. ताटं उचलली. तू निघताना "ताई, येतो" म्हणालास, मी नळ सोडून भांडी घासत राहिले. ऐकू आलं होतं मला.

बुधवारी मी गावाला गेले. गागोद्याच्या पुढे उतरून चालत. कुणाला सांगितलं नाही. धर्माबाबाला बरोबर घेतलं. त्याच्या घराण्याकडेच राखणदाराच्या दगडाची पूजा आहे, तुला लहानपणी खांद्यावर घ्यायचा तोच. आता कमरेत वाकलाय, पण डोंगर चढताना माझ्या पुढे. त्या दिवशी सकाळी धुकं होतं, दहा वाजून गेले तरी. खाली गावातली कुत्री, ट्रॅक्टर, पोरांचा गलका सगळं ऐकू येत होतं. आणि मग भिंतीच्या जवळ गेलो तसं एकदम बंद झालं. पाखरू नाही, पान हलत नाही. मला माझ्या बांगड्यांचा आवाज इतका मोठा वाटला की मी हात पदरात घेतला. भिंतीला हात लावला तर दगड कोमट. तू म्हणाला असतास, काळा दगड ऊन धरून ठेवतो. ऊन नव्हतं मधू. आदल्या दिवशीही नव्हतं.

मी चार दाणे काढले. घरचेच, कडवे, तांबूस. नीता. सई. ओंकार. आमच्या ह्यांचं नाव घेताना थोडं लाजायला झालं, या वयात. चार ठेवले आणि थांबले.

धर्माबाबा म्हणाला, "आन् भावाचा?"

"त्याचं नाव नको घेऊ," मी म्हटलं. "तो मानत नाय."

"त्यानं मानायचा काय संबंध? ठेवनार तू हायस."

"मी अडाणी हाय. अडाण्यानं ठेवलेला दाणा त्या मास्तराला नाय चालायचा."

म्हातारा माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "राग हाय तर उद्या ये. परवा ये. पन ठेव गो पोरी." आणि विचारलं, "तुझा कोन ठेवनार?" मी म्हटलं, बघू, नीताला पाठवेन. परळ उपडं घातलं आणि उतरले. उतरताना एकदा पाय थबकला होता. पिशवीत दाणे होते. एक पाऊल मागे टाकायचं होतं फक्त. मी म्हटलं, दोन दिवस राहू दे त्याला असाच. फोन करू दे, "ताई चुकलो" म्हणू दे, मग ठेवते.

तू फोन केला नाहीस. मीही केला नाही. दुसऱ्या रविवारी सईचा आला.

आता कळलं, गाडीत मला का माहीत होतं?

मी काही वेडी नाही. वालाच्या दाण्यानं माणूस मरत नाही आणि जगत नाही, हे मलाही कळतं. तुला रक्तदाब होता, गोळ्या विसरायचास, जिना चढून दमायचास, हे सगळं मी स्वतःला सांगून बघितलं. कारखान्यात ब्रश हातात घेतला आणि रंगात न बुडवताच धुऊन ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मालकाला म्हटलं, मला डोळे देऊ नका, मी पितांबरं रंगवते. डोळा काढायला घेतला की तो माझ्याकडे बघायच्या आधीच मला त्याची भीती वाटायची. सहा नावांतलं एक मी रागानं बाहेर ठेवलं आणि सहांतलं तेच गेलं. हे डोक्यात बसलं ते निघेना.

आणि तुझा तो मोबाइल! मेला माणूस इतका टापटिपीचा असू नये. सई तो रोज चार्ज करते, बंद करू देत नाही. तू सहलीच्या प्रत्येक कामाची आठवण त्यात लावून ठेवली होतीस. सुतकात आम्ही खाली सतरंजीवर बसलेलो आणि कपाटावरून तो वाजायचा. सोमवारी, "टॉर्चचे सेल." बुधवारी, "मडकं आणणे, दोन, एक फुटलं तर." भेटायला आलेली माणसं दचकायची. सई उठून वाचायची आणि परत येऊन बसायची.

मग तो शनिवार आला, ज्या दिवशी आपण निघणार होतो. सकाळी सहाला, "निघा." साडेनवाला, "भिंत. पोरांना हात लावायला सांगणे." दुपारी, "ताईचे गुडघे. थांबत थांबत." नीता भिंतीला टेकून बसली होती आणि प्रत्येक वेळी तिचा चेहरा थोडा थोडा उतरत होता. मला तर वाटायला लागलं, आपण सगळे तिकडे आहोत, तू पुढे चालतोयस, आणि इथे या सतरंजीवर दुसरेच कुणी बसलेत. रविवारी, "उन्हेरे. आधी ताईला पाय बुडवू दे, मग बाकीचे." मी उठून मोरीत गेले आणि तोंडात पदर कोंबून रडले. आणि सोमवारी संध्याकाळी शेवटची. सईनं वाचली आणि फोन माझ्या हातात दिला. "घरी. सगळे आहेत ना, मोजून घे."

मी मोजले, मधू. पाच.

दहाव्याला कावळा लगेच शिवला. भटजी निघेपर्यंतही थांबला नाही. सगळे म्हणाले, चला, शांत गेला, काही अडकलं नव्हतं त्याचं. मला त्या कावळ्याचा इतका राग आला! कसं काही अडकलं नव्हतं? माझ्याशी बोलणं अडकलं नव्हतं?

तेराव्यानंतर सईनं विषय काढला. "आपण जाऊया. बाबांनी सगळं ठरवलंय, पोपटीचा सीझन संपत येईल." नीता ओरडली तिच्यावर. नीताला ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. "तो डोंगर माझ्यासमोर पुन्हा काढायचा नाही!" सई रडत गच्चीवर जाऊन तंबूत बसली, आणि ते बघून नीता आणखी घाबरली. शेवटी ती माझ्याकडे वळली. "वन्सं, तुम्ही मोठ्या. तुम्ही जा म्हणालात तर आम्ही जाऊ, नको म्हणालात तर तंबू आजच काढायचा."

मी ठरवायचं! ज्या बाईनं तुझं नाव घेतलं नव्हतं, तिनं. मी म्हटलं, दोन दिवस द्या.

काल सकाळी गावाला गेले. एकटीच चढणार होते, पण धर्माबाबा पायवाटेवर बसलेलाच होता. मी पिशवीत एक दाणा नेला होता, तुझा. काय करणार होते त्याचं, मला सांगता येत नाही. ठेवणार होते बहुतेक. उशिरा तर उशिरा. भिंतीशी पुन्हा तीच शांतता. मी वाकले आणि परळ उचललं.

पाच दाणे होते.

मी पुन्हा मोजले. माझे चार तांबूस, मी ठेवले तसे ओळीत. आणि त्यांच्या पुढे जरा वेगळा, मोठा, पांढुरका, बाजारात सोलून मिळतो तसला एक. आमच्या घरात ते गोडे वाल कधी येत नाहीत. अंगावर असा काटा आला की परळ हातातून पडलं आणि त्याचे दोन तुकडे झाले. आवाज भिंतीला लागून परत आला. मी म्हटलं, बाबा, हा कुणी ठेवला? तेव्हा मला खरंच वाटलं होतं की तू उत्तर देशील.

"तुझ्या भावानं," धर्माबाबा म्हणाला.

"कधी?"

"तू आलीस नं, त्याच हप्त्यात शनवारी. साळा सुटल्यावर आलता, पँट-शर्टात. दमला व्हता लय. म्हनला, बाबा, दाने कुठे ठेवतात ते दाखव, मी इसरलो."

मी परळाचे तुकडे गोळा करायला लागले.

म्हातारा सांगत गेला. तू परळ उचललंस. चार दाणे बघितलेस. कुणाकुणाचे, विचारलंस. त्यानं सांगितलं. मग तू विचारलंस, माझा? आणि म्हाताऱ्याला खोटं बोलता येत नाही, तुला माहीतच आहे. म्हणाला, नाव घेऊ नको म्हणाली, रागात हाय.

"मग?" मी विचारलं. "मग काय म्हणाला?"

"हसला. लय हसला. म्हनला, चुकलो मी, बाबा. तिला अडानी बोललो." धर्माबाबानं खिशातून चुना-तंबाखू काढली आणि तशीच परत ठेवली. "मग खिशातून त्यो दाना काढला. तुझं नाव घेतलं. मोठ्यानं. ताई नाय म्हनला, पुरं नाव घेतलं, आईबापाचं लावून. मी म्हनलं, मास्तर, तिला बोलावून घे, तुझा ऱ्हायलाय. तर म्हनला, नको. मी सांगितलं म्हनून ठेवला तर त्यो दाना कसला? राग गेला की ती आपनहून येल आन् ठेवंल. माझी बहीन हाय, मला म्हाईत हाय. आन् मी आलतो ते तिला सांगू नको, जल्मभर चिडवंल."

मधू. मध्या. माझ्या राजा.

तू मानत नव्हतास. मग शनिवारी शाळा सुटल्यावर, दुपारचं न जेवता, धापा टाकत तो डोंगर चढलास तो राखणदारासाठी चढला नाहीस. माझ्यासाठी चढलास. मला बरं वाटावं, माझा दाणा कुणी ठेवला की नाही याचा मला घोर राहू नये, म्हणून. आणि तिथे तुला दिसलं की तुझ्या बहिणीनं सगळ्यांची नावं घेतली आणि तुझं सोडलं. ते बघून तू हसलास! रागवायचंस तरी. फोन करून दोन शिव्या घालायच्यास, तर मी त्याच पावली परत गेले असते. पण तू वाट बघितलीस. शनिवारपासून पुढच्या रविवारपर्यंत आठ दिवस होते माझ्या हातात. मी एस.टी.नं तासाभरावर होते. मी आले नाही.

माझा दाणा तिथे आहे. त्याला उचलणारा तू होतास. धर्माबाबाला मी विचारलं, आता याचं काय? तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे. उचलनारा नाय तर त्यो दाना कायमचा." तुझा म्हणून नेलेला मी पुढे केला, तर त्यानं माझी मूठ मिटली. "ह्यो नाय चालायचा. जित्या मानसाचा ठेवतात." मग फुटक्या परळाचे दोन तुकडे जुळवून त्यानं पाचांवर झाकले. उतरताना तो पुढे आणि मी मागे, आणि सगळ्या वाटेवर मला माझं नाव ऐकू येत होतं, तुझ्या आवाजात, आईबापाचं लावून. मी एकदाही मागे वळून बघितलं नाही. हिंमत नव्हती.

तिथून घरी गेलेच नाही. थेट रोह्याला आले. नीता स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. सई अभ्यासाला बसली होती. मी दोघींना समोर बसवलं आणि सांगितलं. एकूण एक. नळ सोडून भांडी घासत राहिले तिथपासून. काही सावरून घेतलं नाही, काही गाळलं नाही. सांगताना नीताच्या तोंडाकडे बघवत नव्हतं म्हणून मी त्या मेथीच्या काड्यांकडे बघत होते.

सई माझ्या कुशीत आली. पोरगी तुझ्यावर गेलीय, लगेच माफ करणारी. नीता हलली नाही. मग तिनं विचारलं, "माझा ठेवला होतात?"

"व्हय."

"सईचा?"

"व्हय."

"ह्यांचा नाही."

"नाय," मी म्हटलं. "रागावले होते. दुसरं काही नव्हतं, नीता."

तिनं मेथीची जुडी बाजूला सारली आणि उठून गॅसकडे गेली. भांडं घेतलं, चहाला पाणी ठेवलं, साखर घातली. मला वाटलं, आता म्हणेल की वन्सं, चहा घ्या आणि निघा, परत या घरात येऊ नका. मी तयार होते. पिशवी उचलून मांडीवर घेतली होती. ती माझ्याकडे पाठ करूनच बोलली.

"सईला जायचंय. मी पण येते. ते नवीन दाणे ठेवावे लागतील ना?"

"व्हय."

"माझा तुम्हीच ठेवा," नीता म्हणाली. "पण मी बाजूला उभी राहीन. तुम्ही नाव घेताना मला बघायचंय."

परवा सकाळी निघतोय, मधू. सई आत्ता वर तंबू उतरवतेय, तिच्या मदतीला ओंकार आलाय. नीता बाजूला उभी राहणार आहे.